नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलंत? नोंदणी आणि कर या क्रमाने उरका

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. नाशिकला राहते आणि आर्किटेक्ट, बिल्डर, कधी थेट घरमालक यांच्यासाठी इमारतींची स्ट्रक्चरल डिझाइनं करते. २०१९ च्या जूनमध्ये नोकरी सोडली तेव्हा कामाची काळजी नव्हती, पण कराचं काय करायचं हे ठाऊक नव्हतं. नोकरीत असताना कर पगारातूनच कापला जायचा, जूनमध्ये फॉर्म १६ हातात पडायचा आणि अर्ध्या तासात रिटर्न भरून व्हायचं. स्वतःचं काम सुरू केल्यावर ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. कोणी म्हणालं आधी जीएसटी काढ, कोणी म्हणालं गुमास्ता, कोणी म्हणालं पाच वर्षं काहीच करू नकोस. पहिली दोन वर्षं मी उलट्या क्रमाने धावले, पैसे आणि वेळ दोन्ही घालवले. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या पॅनवर वर्षभर कोणी ना कोणी काहीतरी नोंदवत असतं. ज्याने बिलातून टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापला तो नोंदवतो, बँक व्याज नोंदवते, जीएसटीचा क्रमांक तर पॅनभोवतीच बांधलेला असतो. वर्षाच्या शेवटी या सगळ्या नोंदी आणि तुमचा हिशेब जुळला की काम झालं. खाली जे जे सांगितलं आहे ते सगळं या जुळणीसाठीच आहे.

हे सगळं महाराष्ट्रात राहणाऱ्या, एकट्याने काम करणाऱ्या, पगारी माणूस न ठेवलेल्या व्यक्तीसाठी आहे. गुजरात, कर्नाटकात व्यवसाय कराचे नियम वेगळे आहेत आणि दिल्लीत तो करच नाही. बाकीचं बहुतेक देशभर सारखंच.

आधी हे जवळ ठेवा

- पॅन, आधारशी जोडलेलं
- आधार, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर (सगळे ओटीपी त्यावरच येतात, नंबर जुना असेल तर पहिलं काम तेच करा)
- रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान
- जिथून काम करता त्या जागेचं ताजं वीजबिल. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार, आईवडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र
- पासपोर्ट साइज फोटोची स्कॅन केलेली प्रत
- एक साधी एक्सेल शीट

पॅन आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते पाहा. लग्नानंतर एकावर नाव बदललं आणि दुसऱ्यावर राहिलं, अशा कितीतरी मैत्रिणींचे अर्ज याच कारणाने अडकलेले मी पाहिले आहेत.

१. कामाचं खातं वेगळं करा

पगाराचं जुनं खातं घरखर्चाला राहू द्या. कामाचे पैसे दुसऱ्या खात्यात घ्या. तुमच्या स्वतःच्या नावाने काम करणार असाल तर तुमच्याच नावाचं खातं असलं तरी भागतं. ‘अमुक कन्सल्टंट्स’ अशा नावाने चेक घ्यायचे असतील तर चालू खातं लागतं, आणि त्यासाठी बँक व्यवसायाचे पुरावे मागते. त्यात गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद येते. कामगार नसलेल्यांना त्यासाठी परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. बँकेने मागितली तरच या वाटेला जा.

खात्यात पैसे आले की त्यातले वीस टक्के मी त्याच दिवशी बाजूला टाकते. ही सवय मला सर्वांत जास्त उपयोगी पडली आहे.

२. उद्यम नोंदणी: फुकट आहे, आणि खूप कामाची आहे

१ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची नोंदणी ‘उद्यम’ पोर्टलवर होते. सेवा देणारा एकटा माणूसही त्यात बसतो. शुल्क शून्य. आधारचा ओटीपी, पॅन, पत्ता, बँक खातं आणि कामाचा एनआयसी कोड एवढंच लागतं. माझ्या कामाचा कोड ७११०, म्हणजे आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंग सेवा. तुमचा कोड पोर्टलवरच्या शोधपट्टीत सापडेल.

इथला सापळा सांगते. गूगलवर ‘उद्यम रजिस्ट्रेशन’ शोधलं की सरकारी वाटणाऱ्या कितीतरी खासगी साइट वर येतात. बोधचिन्हं, तिरंगा, सगळं असतं. मी अशाच एका साइटवर १,९९९ रुपये भरले आणि आठवडाभराने मला मिळालं ते फुकटात मिळणारंच प्रमाणपत्र. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का पाहा आणि पैसे मागितले की खिडकी बंद करा.

आता हे प्रमाणपत्र कशाला, तर थकलेल्या बिलांसाठी. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ पासून आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांची अकाउंट्सची मंडळी स्वतःहून फोन करून ‘तुमचं उद्यम आहे का?’ असं विचारतात. मी प्रत्येक बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापते. आधी तीन तीन महिने रखडणारी बिलं आता बहुतेक दीड महिन्यात सुटतात. तरीही कोणी दाद दिली नाही तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. मात्र उद्यम नोंदणी काम करण्याआधीची हवी. बिल थकल्यावर नोंदणी केली तर मागच्या बिलासाठी तिचा आधार घेणं कठीण जातं. म्हणून ही नोंदणी पहिल्या आठवड्यातच उरका.

३. व्यवसाय कर: वर्षाला २,५००

स्वतंत्र काम करणाऱ्यांना हा कर लागतो हे बहुतेकांना माहीतच नसतं, कारण नोकरीत तो पगारातून दोनशे दोनशे करून जायचा. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याखाली स्वतंत्र व्यावसायिकाने पीटीईसी म्हणजे नावनोंदणी घ्यायची आणि दर वर्षी २,५०० रुपये भरायचे. काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. जुनी नोंदणी असणाऱ्यांची मुदत ३० जून. अर्ज आणि चलन दोन्ही महाजीएसटीच्या, म्हणजे राज्याच्या जीएसटी विभागाच्या, संकेतस्थळावर होतं. वय ६५ पेक्षा जास्त असेल तर माफी आहे.

पीटीईसी आणि पीटीआरसी यांत गल्लत करू नका. पीटीआरसी ही पगारी माणसं ठेवणाऱ्यांसाठी असते, तिचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तुमचा ९९ ने सुरू होईल. चलन भरताना चुकीचा प्रकार निवडला तर पैसे जातात, पण तुमच्या नावावर थकबाकी तशीच राहते. चलनाची प्रत जपून ठेवा, कारण तुम्ही खर्च दाखवून रिटर्न भरत असाल तर हे २,५०० वजा होतात.

४. बिल नीट बनवा

माझं पहिलं बिल म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज होता. आता एका पानाचा साचा आहे. वर माझं नाव, पत्ता, पॅन. मग बिल क्रमांक, जसं ‘२५-२६/०१४’, म्हणजे वर्ष आणि त्यातलं चौदावं बिल. दर १ एप्रिलला आकडा पुन्हा ००१. मग ग्राहकाचं पूर्ण नाव आणि पत्ता, कामाचं वर्णन (‘जी प्लस चार, आरसीसी डिझाइन, फाउंडेशन ते टेरेस’), रक्कम अंकांत आणि अक्षरांत, पैसे देण्याची मुदत, बँकेचा तपशील, उद्यम क्रमांक. आणि ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या बिलांवर एक ओळ ठळक: ‘टीडीएस कलम १९४जे खाली कापावा.’

ही ओळ का, ते पुढच्या पायरीत. एक्सेलमध्ये प्रत्येक बिलाची एक ओळ असते: बिल क्रमांक, तारीख, ग्राहक, रक्कम, कापलेला टीडीएस, खात्यात आलेली रक्कम, आल्याची तारीख. शेवटचा रकाना ‘२६एएस मध्ये दिसलं का?’ असा आहे (२६एएस म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा). तो भरला जात नाही तोवर ते बिल माझ्या दृष्टीने बंद होत नाही.

५. टीडीएस आणि २६एएस: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

व्यावसायिक सेवेच्या बिलातून कंपन्या १०% टीडीएस कापतात. १ एप्रिल २०२५ पासून एका ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त रक्कम झाली की हा कापला जातो, आधी ही मर्यादा ३०,००० होती. पॅन दिला नाही तर २०%. घर बांधणारे सामान्य लोक सहसा कापत नाहीत.

कापलेला टीडीएस म्हणजे तुमच्याच नावाने आगाऊ भरलेला कर. पण तो तुमचा तेव्हाच, जेव्हा कापणारा सरकारकडे जमा करून तुमच्या पॅनवर नोंदवतो. ती नोंद २६एएस मध्ये दिसते. आयकर पोर्टलवर लॉगिन करून ई-फाइलच्या मेनूतून ते उघडतं. ग्राहकाचं नाव, त्याचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), कलम, तारीख, दिलेली रक्कम, कापलेला कर, जमा झालेला कर, सगळं ओळीने असतं. सोबत वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस पाहा, त्यात बँकेचं व्याज, शेअर, म्युच्युअल फंड हेही येतं.

दुसऱ्या वर्षी एका बिल्डरने माझ्या १,८०,००० च्या बिलातून १८,००० कापले आणि १,६२,००० दिले. मी निर्धास्त होते. रिटर्नमध्ये ते १८,००० दाखवले, आणि दिवाळीच्या सुमारास मागणीची नोटीस आली, कारण २६एएस मध्ये त्या नावाची ओळच नव्हती. फोन, ईमेल, प्रत्यक्ष खेटे, सात महिने गेले. शेवटी कळलं की त्यांच्या अकाउंटंटने माझ्या पॅनमधले दोन आकडे उलटसुलट टाकले होते. दुरुस्ती विवरण भरल्यावर ओळ दिसली, मग मी मागणीला ‘असहमत’ उत्तर देऊन रिटर्नमध्ये दुरुस्तीचा अर्ज केला. पैसे सुटले, पण ते सात महिने मी नीट झोपले नाही.

तेव्हापासून मी वर्षातून चारदा तपासते. कापणाऱ्यांची तिमाही विवरणं ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे पर्यंत जातात. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी २६एएस उघडायचं आणि एक्सेलशी ताडून पाहायचं. ओळ नसेल तर त्याच दिवशी बिलाची प्रत आणि पॅनची प्रत जोडून ईमेल, आणि सोबत फॉर्म १६ए ची, म्हणजे टीडीएसच्या प्रमाणपत्राची, मागणी. विवरण उशिरा भरणाऱ्याला दिवसाला २०० रुपये शुल्क पडतं, याची सभ्य शब्दांत आठवण दिली की काम लवकर होतं.

कलमही पाहा. काही जण इंजिनिअरच्या बिलावर १९४सी म्हणजे कंत्राटदाराचं कलम लावून १% कापतात. हातात जास्त पैसे येतात म्हणून बरं वाटतं, पण मग २६एएस तुम्हाला कंत्राटदार म्हणतं आणि तुमचं रिटर्न व्यावसायिक. हा विसंवाद पुढे खुलासे मागतो. बिलावरची ती ठळक ओळ यासाठीच.

६. उत्पन्न किती धरायचं आणि आगाऊ कर केव्हा भरायचा

कायद्याने ठरवलेल्या व्यवसायांना (वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, इंटिरियर डेकोरेटर, चित्रपट कलावंत असे काही) कलम ४४एडीए वापरता येतं. वर्षाची जमा (कामातून आलेली एकूण रक्कम) ५० लाखांपर्यंत, किंवा रोखीतली जमा ५% च्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत असेल, तर जमेच्या ५०% उत्पन्न धरायचं. खर्चाच्या पावत्या, हिशेबाची पुस्तकं ठेवायची सक्ती नाही. प्रत्यक्ष नफा निम्म्याहून जास्त असेल तर जास्त दाखवता येतो. निम्म्याहून कमी दाखवायचा असेल आणि उत्पन्न करपात्र असेल तर मात्र पुस्तकं आणि ऑडिट लागतं.

या यादीत नसलेल्या कामांना ४४एडी आहे: डिजिटल जमेवर ६% आणि रोख जमेवर ८%. पण ते कमिशन आणि दलालीला चालत नाही, आणि एकदा घेऊन सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. तुमचं काम नेमकं कुठे बसतं याबद्दल शंका असेल तर या एका प्रश्नासाठी सीएला पैसे द्या. ग्राफिक डिझाइन, भाषांतर, लेखन अशी कामं करणाऱ्यांनी तर नक्कीच.

२०२५-२६ चं नव्या करप्रणालीतलं उदाहरण घ्या. जमा १८ लाख, उत्पन्न ९ लाख. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्याने कर शून्य, कापलेला टीडीएस सगळा परत. जमा ३० लाख असेल तर उत्पन्न १५ लाख: ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ वर ४०,०००, पुढच्या तीन लाखांवर १५% म्हणजे ४५,०००. एकूण १,०५,०००, वर ४% उपकर धरून १,०९,२००. टीडीएस ६०,००० च कापला गेला असेल तर उरलेले ४९,२०० तुम्ही स्वतः भरायचे. आणि पगारदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावट इथे धरू नका, ती आपल्याला नाही.

टीडीएस वजा जाता देणं १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर आगाऊ कर लागतो. ४४एडी आणि ४४एडीए वाल्यांना सगळा एकदम १५ मार्चपर्यंत भरता येतो. बाकीच्यांना १५ जूनपर्यंत १५%, १५ सप्टेंबरपर्यंत ४५%, १५ डिसेंबरपर्यंत ७५% आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकलात तर महिना १% व्याज. बाजूला टाकलेले वीस टक्के इथे बाहेर काढायचे.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, ४४एडीए ची तरतूद आता कलम ५८ मध्ये आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो, म्हणून मी जुने क्रमांक वापरले आहेत. बिलावरची ओळ मात्र नव्या क्रमांकाप्रमाणे बदलून घ्या.

७. जीएसटी: २० लाख झाल्याशिवाय घाई नको

सेवा देणाऱ्याची देशभरातली एकूण जमा वर्षाला २० लाखांच्या वर गेली की ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. परराज्यातल्या ग्राहकाला सेवा दिली म्हणून लगेच जीएसटी लागतो हा गैरसमज आहे, सेवांसाठी तिथेही २० लाखांचीच मर्यादा आहे. परदेशी ग्राहकाकडून आलेली रक्कम मात्र या २० लाखांत मोजली जाते.

ग्राहक म्हणाला म्हणून लवकर नोंदणी करू नका. नोंदणी झाली की काम असो वा नसो, शून्याचं रिटर्नसुद्धा भरावं लागतं आणि चुकल्यास दिवसाला २० रुपये शुल्क. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं तर थेट गुन्हा आहे.

नोंदणीनंतर दर १८%. राज्यातल्या राज्यात केंद्राचा ९ अधिक राज्याचा ९, परराज्यात आयजीएसटी म्हणजे आंतरराज्य जीएसटी १८. आमच्या धंद्यात एक बारकावा आहे: इमारतीशी संबंधित सेवेला ती इमारत कुठे आहे ते राज्य धरतात. आर्किटेक्ट नाशिकचा पण बंगला सुरतेत, तर आयजीएसटी. तिमाही योजना घेतली तर महाराष्ट्रात जीएसटीआर-१ (बिलांचं विवरण) तिमाहीनंतर १३ तारखेला, ३बी (कर भरण्याचं विवरण) २२ तारखेला, आणि पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. परदेशी काम असेल तर दर वर्षी एलयूटी (हमीपत्र) भरा, म्हणजे कर न लावता बिल करता येतं.

इथे सगळ्यात जास्त दुखतं ते हे: बिल केलं की कर देय झाला, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणून ज्याच्या पैशांची खात्री नाही त्याला मी आधी प्रोफॉर्मा म्हणजे कच्चं बिल पाठवते, काम पुरं होत आलं की कर-बिल. आणि टीडीएस जीएसटी सोडून मूळ रकमेवरच कापायचा असतो, हे ग्राहकाला सांगा.

८. रिटर्न

४४एडी किंवा ४४एडीए असेल आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-४ म्हणजे सुगम. परदेशी मालमत्ता असेल किंवा पूर्ण हिशेब दाखवायचा असेल तर आयटीआर-३. व्यवसायाचं उत्पन्न ‘इतर स्रोत’ म्हणून आयटीआर-१ मध्ये ढकलू नका. २६एएस मध्ये १९४जे ची ओळ असते, ती लपत नाही, आणि पुढे गृहकर्जाला बँक तीन वर्षांची व्यवसायाची रिटर्नं मागते तेव्हा हातात काही नसतं.

मुदत दर वर्षी पोर्टलवरच पाहा. २०२५ मध्ये ३१ जुलैची मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरवर गेली होती, वाढेल या भरवशावर मात्र बसू नका. उशिरा भरल्यास ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. जुनी करप्रणाली हवी असेल तर मुदतीआधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि व्यावसायिकाला नव्या प्रणालीत एकदा परतल्यावर पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. भरून झाल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर भरलेलं न भरल्यात जमा. परताव्यासाठी बँक खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवा.

९. सीए आणि पासवर्ड

चांगला सीए जरूर ठेवा, मीही पाचव्या वर्षापासून ठेवला आहे. पण आयकर, जीएसटी आणि महाजीएसटी या तिन्ही ठिकाणी नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल तुमचाच असू द्या. माझ्या ओळखीतल्या एका आर्किटेक्टच्या प्रोफाइलवर जुन्या सल्लागाराच्या ऑफिसचा ईमेल होता. ते संबंध संपले, नोटिसा तिकडेच जात राहिल्या, आणि तिला कळलं तेव्हा उत्तराची मुदत उलटून गेली होती. आज संध्याकाळी तिन्ही पोर्टलवर लॉगिन करा, ‘माय प्रोफाइल’ उघडा आणि तिथे कोणाचा नंबर आहे ते पाहा.